दिव्याखाली अंधार: शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच

इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायचा नाही, असा नियम आहे. स्कॉटलंडातही आहे. आता इंग्लंडात शनिवारी दुपारी तीन वाजता काय असतं, तर फुटबॉल. वरच्या लीगपासून खालच्या लीगपर्यंत देशभर एकाच वेळी शिट्ट्या वाजतात, आणि नेमके तेवढे अडीच तास देशभरातले टीव्ही जुने सिनेमे आणि घरदुरुस्तीचे कार्यक्रम दाखवत बसतात. दाखवायला काही नाही म्हणून नव्हे. दाखवायला आहे म्हणूनच दाखवायचं नाही.

बरं, कॅमेरे लावलेले नसतात म्हणावं तर तसंही नाही. प्रीमियर लीगचा तीनचा प्रत्येक सामना नीट, साग्रसंगीत चित्रित होतो. गवतावर सरपटणारे कॅमेरे, प्रशिक्षकाच्या कपाळावरची शीर दाखवणारे कॅमेरे, सगळं असतं. पट्टीचा इंग्रज समालोचक मैदानात बसून अस्खलित इंग्रजीत समालोचन करतो, आणि ते इंग्रज सोडून सगळ्या जगाला ऐकू जातं. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. कोल्हापुरातला माणूस मोबाईल कुकरला टेकवून ठेवतो आणि पिठलं-भाकरी खाता खाता मँचेस्टरचा सामना बघतो. मँचेस्टरचा माणूस मात्र त्या वेळी खिडकीतून पाऊस बघत असतो. स्टेडियमच्या दिव्यांचा उजेड ज्याच्या परसात पडतो, त्यालाच तेवढं दिसत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्याकडच्या कुणीतरी फार पूर्वी केली, पण तिची अधिकृत अंमलबजावणी इंग्रजांनीच करावी, हेही त्यांच्या शिस्तीला धरूनच झालं.

या सगळ्याचं श्रेय एका खाटकाला जातं. बॉब लॉर्ड हे त्यांचं नाव. लँकशायरमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात त्यांची मटणाची दुकानं होती, आणि १९५५ पासून ते बर्नली फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते. गाव लहान, क्लब लहान, अध्यक्ष मात्र अवाढव्य. एका पत्रकाराने त्यांना ‘बर्नलीचे ख्रुश्चेव्ह’ म्हटलं होतं. १९६० साली या चिमुकल्या गावाने इंग्लंडची लीग जिंकली, त्यामुळे लॉर्डसाहेबांच्या शब्दाला वजन आलं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या क्लबचा सामना शनिवारी दुपारी घरबसल्या फुकट दिसायला लागला, तर गावातल्या छोट्या क्लबचा सामना पाहायला तिकीट काढून कोण जाईल? दुकानाबाहेर फुकट मटण वाटलं तर आतला तराजू हलायचा नाही, एवढं साधं गणित. खाटकाचं असल्यामुळे त्यात हाडं-बिडं काही शिल्लक नव्हती. बाकीच्या क्लबांच्या अध्यक्षांना ते पटलं. बॉब लॉर्डना इतकं पटलेलं होतं, की साठीच्या दशकात त्यांनी बीबीसीच्या कॅमेऱ्यांना आपल्या टर्फ मूर मैदानात काही वर्षं पाऊलच ठेवू दिलं नाही.

टीव्हीवाल्यांनी आधी प्रयत्न केला नव्हता असं नाही. १० सप्टेंबर १९६० रोजी आयटीव्हीने ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा लीगचा सामना थेट दाखवला. त्यासाठी तो शनिवारीच, पण संध्याकाळी ठेवला होता. ब्लॅकपूल निवडण्याचं कारण म्हणजे स्टॅनली मॅथ्यूज. देशाचा लाडका खेळाडू, त्याच्या पायांकडे बघायला लोक टीव्हीपुढे बसणार. मॅथ्यूज जायबंदी होऊन बाहेर बसला. सामना रटाळ झाला, बोल्टनने एक-शून्यने जिंकला. पुढचा कॅमेरा आर्सेनलच्या दारात गेला, तर आर्सेनलने दार उघडलं नाही. टॉटनहॅमनेही नाही. पंचवीस-सव्वीस सामन्यांची मालिका ठरली होती, ती एका सामन्यात आटोपली. त्यानंतर इंग्लंडात लीगचा सामना टीव्हीवर थेट दिसायला १९८३ साल उजाडलं. तोवर आपण वर्ल्ड कप जिंकून, गल्लीत मिरवणूक काढून, फटाक्यांचा कागद झाडून मोकळे झालो होतो.

मधल्या काळात होती ती ‘मॅच ऑफ द डे’. शनिवारी रात्री, सामना संपून सगळं शिळं झाल्यावर, त्याचे निवडक तुकडे. पहिला कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ चा, लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. तो बीबीसी-टू या नव्या वाहिनीवर लागला, आणि ती वाहिनी तेव्हा लंडनच्या परिसरातच दिसायची. पाहणारे अंदाजे वीस हजार. लिव्हरपूलच्या मैदानात तिकीट काढून बसलेले त्याच्या दुपटीहून जास्त होते. टीव्ही मैदान ओस पाडेल अशी भीती घालणाऱ्यांनी त्या रात्री थोडं हसून घ्यायला हरकत नव्हती. पण भीतीचं एक असतं, ती एकदा कार्यवृत्तात नोंदवली गेली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

आणि शनिवारी तीनच का? तर १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांना शनिवारी दुपारी दोनला काम थांबवायला लावलं. दोनला भोंगा, वाटेत एक ग्लास बिअर, तीनला मैदान. गिरण्या कधीच बंद पडल्या. त्या कामगारांची खापरपणतवंडं आता शनिवारी सुपरमार्केटात किंवा कॉल सेंटरात कामावर असतात. तरी तीनची वेळ जागची हललेली नाही. भोंगा गेला, सुटी गेली, सुटीची वेळ तेवढी राहिली. परळ-लालबागच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

युरोपच्या फुटबॉलची शिखरसंस्था युएफा. तिच्या नियमांत सोय अशी, की ज्या देशाला हवं त्याने शनिवार-रविवारपैकी एका दिवशी अडीच तासांचा असा पडदा टाकावा. बहुतेकांनी “राहू द्या, तुम्हीच घ्या” म्हणून ताट पुढे सरकवलं. जर्मनीत शनिवारी दुपारी साडेतीनचे बुंडेसलीगाचे सामने पैसे भरणाऱ्याला घरी थेट दिसतात, आणि तरी जर्मन मैदानं गच्च भरलेली असतात. हे इंग्रजांना सांगितलं तर ते “जर्मनांचं वेगळं आहे” म्हणतात. जर्मनांचं काय वेगळं आहे हे इंग्रज सांगायला लागले, की विषय फुटबॉलचा राहत नाही.

माझा भाचा बर्नलीला डॉक्टर आहे. आमच्या अक्काचा थोरला. लहानपणी कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या भिंतीवर चढून सामने बघताना तो पकडला गेला होता, इतका फुटबॉलवेडा. तिकडे नोकरी लागली तेव्हा फोनवर म्हणाला, “मामा, घर स्टेडियमपासनं दोन गल्ल्यांवर मिळालंय!” अक्काने त्या आनंदात शेजाऱ्यांना पेढे वाटले. तिला वाटलं स्टेडियम म्हणजे त्याच्या हॉस्पिटलचं नाव.

बर्नली हा वरच्या लीगमध्ये चढणारा आणि पुन्हा घसरणारा संघ. तो वर होता त्या हिवाळ्यातली गोष्ट. तीन वाजायला आले की भाच्याचा व्हिडिओ कॉल. मी इकडे टीव्हीवर जिओहॉटस्टार लावायचा आणि मोबाईल टीव्हीसमोर धरायचा. हात दुखायला लागले तेव्हा मोबाईल पाटावर ठेवला, पाट स्टुलावर, स्टूल टीव्हीपुढे. तरी त्याला दिसायचं ते अर्धं मैदान, वर भिंतीवरची पाल आणि टीव्हीच्या काचेत उमटलेला मी.

पण खरी गंमत वेगळीच होती. इंटरनेटवरून येणारं चित्र कोल्हापूरला पोचेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट शिळं होतं. आणि भाच्याची खिडकी मैदानापासून दोन गल्ल्यांवर.

“मामा, गोल झाला काय?”

“नाही रे. अजून मध्यावरच घोटाळतायत.”

“असं कसं? इथं गल्ली हादरली की!”

“लेका, मी टीव्ही बघतोय की तू? चेंडू आत्ता कुठं उजवीकडं निघालाय.”

मग चेंडू उजवीकडून आत यायचा, कुणीतरी डोकं लावायचं, जाळं हलायचं. “झाला, झाला!” मी ओरडायचो. तिकडून थंडपणे, “तेच म्हणालो न्हवं मी.” म्हणजे सामना व्हायचा बर्नलीत. तो तिथून अवकाशात चढायचा, मुंबईत उतरायचा, कोल्हापूरला यायचा, माझ्या स्टुलावरच्या मोबाईलमधून परत बर्नलीला जायचा आणि मैदानापासून दोन गल्ल्यांवर पोचायचा. चालत गेला असता तर चार मिनिटं.

अक्काचं म्हणणं, “एवढा डॉक्टर झाला, एक डिश लावून घे म्हणावं.” डिशने काय होणार? इंग्लंडात टीव्हीसाठी दरमहा घसघशीत पैसे मोजणाऱ्यालाही तीनचा सामना दिसत नाही. प्रीमियर लीगने २०२५ ते २०२९ या चार वर्षांचे देशातले हक्क सुमारे ६.७ अब्ज पौंडांना विकले. त्यात मोसमातल्या ३८० सामन्यांपैकी किमान २६७ दिसायचे ठरले. म्हणजे शंभरावर सामन्यांसाठी देशातल्या प्रेक्षकाने पैसे द्यायचे नाहीत आणि बघायचंही नाही. यात कुणाचाच तोटा नाही, असं म्हणायची एक पद्धत आहे.

मात्र दिसत नाही म्हणून इंग्रज माणूस टीव्ही बंद करतो, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. स्काय वाहिनीवर शनिवारी दुपारी ‘सॉकर सॅटर्डे’ नावाचा कार्यक्रम असतो. त्यात निवृत्त खेळाडू एका लांब टेबलामागे बसतात. त्यांच्यापुढे छोटे टीव्ही असतात, त्यांवर सामने चालू असतात. ते टीव्ही त्यांना दिसतात, आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसतात ते खेळाडू. एकजण डोळे विस्फारतो, दुसरा “आऽऽ” करून कपाळाला हात लावतो, तिसरा खुर्चीतून अर्धा उठून पुन्हा बसतो. कशामुळे, ते मग सावकाश सांगतात. लाखो माणसं वर्षानुवर्षं दुपारभर हे बघतात. आपल्याकडे हीच सोय फार आधी संजयाने करून ठेवली होती. पण धृतराष्ट्राला दृष्टी नव्हती, त्याचा इलाज नव्हता. इथे डोळे शाबूत असलेले, चष्म्याचा नंबर नुकताच बदलून आणलेले धृतराष्ट्र पदरचे पैसे भरून बसलेले असतात.

आणि संजयही कधी कधी असा भेटतो! एप्रिल २०१० मध्ये पोर्ट्‌समथ विरुद्ध ब्लॅकबर्न सामन्याला या कार्यक्रमाचा वार्ताहर ख्रिस कमारा प्रत्यक्ष मैदानात उभा होता. पोर्ट्‌समथच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं. स्टुडिओतल्या जेफ स्टेलिंगने त्याला विचारलं, काय झालं, कुणाला कार्ड? कमाराच्या चेहऱ्यावर प्रामाणिक आश्चर्य. कार्ड दिलं? त्याला ठाऊकच नव्हतं. एक खेळाडू बाहेर जाताना त्याने पाहिला होता, त्याला वाटलं बदली खेळाडू येतोय. भीष्म पडले का रे संजया, असं विचारावं आणि संजयाने मान वळवून म्हणावं, पडले होय? मला वाटलं, जरा लवंडलेत. बिचाऱ्याची नोकरी गेली असेल असं कुणाला वाटेल. उलट तो प्रसंग इंग्रजांनी इतक्या वेळा परत परत पाहिला, की त्या दिवशीचे सगळे गोल एकत्र केले तरी तेवढे पाहिले गेले नसतील.

रेडिओची मात्र गोष्टच वेगळी. या नियमात रेडिओला बंदी नव्हती, कारण रेडिओवर फुटबॉल दिसत नाही हे बॉब लॉर्डनाही मान्य होतं. पाच वाजता बीबीसीवर निकाल वाचले जायचे. १९७४ पासून जवळपास चाळीस वर्षं ते काम जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी केलं. त्यांची लकब अशी, की पहिल्या संघाचं नाव आणि गोल सांगून झाले की दुसऱ्या संघाच्या नावावर आवाज चढला का उतरला, यावरून आकडा यायच्या आतच निकाल समजायचा. आवाज चढला की पाहुणे जिंकले, पडला की हरले, सपाट राहिला की बरोबरी. घराघरांत माणसं पेन्सिल घेऊन कूपनावर खुणा करायची, कारण बरोबरीच्या सामन्यांवर पैसे लावलेले असायचे. २०२२ साली बीबीसीने हे निकालवाचन बंद केलं. सगळ्यांच्या खिशात मोबाईल असताना निकाल कशाला वाचायचे, असा रास्त विचार. त्यावर एवढा गहजब झाला की काही आठवड्यांत ते परत सुरू करावं लागलं. ज्या निकालांची कुणाला गरज नव्हती, ते वाचले जात नाहीत म्हणून लोक कासावीस झाले. शनिवारच्या त्या नियमाचं मर्म मला इथे सापडलं असं वाटतं. इंग्रज माणूस त्याच्याविरुद्ध तक्रार करतो, पण तो उठवला तर आपलं शनिवारचं नेमकं काय हरवलं हे शोधत महिनाभर घरभर फिरेल.

नियमाला रीतसर आव्हान दिलं ते पोर्ट्‌समथच्या साउथसी भागातल्या एका पबच्या मालकिणीने. कॅरन मर्फी त्यांचं नाव. त्यांनी ग्रीक वाहिनीचं कार्ड आणून पबमधल्या टीव्हीला लावलं. ग्रीसमध्ये इंग्लंडचे सामने दिसतात, तेही स्वस्तात. गिऱ्हाइकं इंग्रजी बिअर पीत, ग्रीक समालोचन ऐकत, आपल्याच देशातला फुटबॉल बघू लागली. मर्फीबाईंवर खटला भरला गेला, त्यांना सुमारे आठ हजार पौंडांचा भुर्दंड बसला. बाई मागे हटल्या नाहीत, थेट लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात गेल्या. २०११ साली निकाल आला आणि पुढच्या वर्षी त्यांची शिक्षा रद्द झाली. त्या निकालातला एक मुद्दा मला फार आवडतो. न्यायालय म्हणालं, फुटबॉलचा सामना ही काही कुणाची साहित्यकृती नव्हे, त्यावर लेखनहक्क वगैरे सांगता येणार नाही. पण सामन्याआधी वाजणारं प्रीमियर लीगचं गाणं, सुरुवातीची चित्रफीत आणि पडद्यावर उमटणारी आकड्यांची नक्षी, यांच्यावर हक्क आहे. बावीस माणसं जीव तोडून दीड तास धावतात त्याला संरक्षण नाही, कोपऱ्यातल्या चौकटीला आहे. मराठी नाटकवाल्यांनी यावरून काही बोध घ्यावा असं मी म्हणणार नाही, पण नेपथ्यकाराने घेतला तर त्याला अडवू नये.

पडदा किती काटेकोर? ऑगस्ट २०१८ मध्ये रोनाल्डो युव्हेंट्सकडून पहिल्यांदा इटलीच्या लीगमध्ये उतरणार होता. सगळं जग टीव्हीपुढे. सामना ब्रिटनच्या घड्याळात पाचला सुरू होणार आणि पडदा उठणार सव्वापाचला. आता रोनाल्डो खेळणार इटलीत, त्याच्याने ब्रिटनमधल्या खालच्या लीगचं कुठलं मैदान ओस पडणार होतं? पण नियम म्हणजे नियम. पहिली पंधरा मिनिटं ब्रिटनमध्ये थेट दिसली नाहीत. आणि युव्हेंट्सचा पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला होऊन गेला. रोनाल्डोने नाही, खेदिराने मारला, म्हणून थोडक्यात निभावलं.

एकदा मात्र हा पडदा वर गेला. कोविडमध्ये मैदानं रिकामी झाली. माणसंच नाहीत तर माणसं कमी होण्याची भीती कुठली? जून २०२० पासून प्रीमियर लीगचे सामने एकामागून एक, शनिवारी तीनचेसुद्धा, थेट दिसू लागले. इंग्रजांना घरबसल्या सगळं दिसण्यासाठी महामारी यावी लागली. माणसं मैदानात परतली, पडदाही परतला.

हा नियम कोल्हापूरला लागू केला तर, असं एकदा मनात आलं. आमच्याकडे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर मुंगीला जागा नसते. हल्ली हे सामने यूट्यूबवरही दिसतात. तरी गर्दी कमी होत नाही, कारण यूट्यूबवर पलीकडच्या तालमीच्या गोलरक्षकाला त्याच्या आजोबांपासूनचा इतिहास ऐकवता येत नाही. ऐकवला तरी त्याला ऐकू जात नाही, आणि त्याने रागाने वळून बघितलं नाही तर ऐकवण्यात अर्थ काय? मैदानात माणूस सामना बघायला जातो हे बॉब लॉर्डचं गृहीतकच मुळात कच्चं होतं. सामना बघायचा तर घरच बरं.

भाच्याला हे कळायला वेळ लागला. व्हिडिओ कॉल, पाट, पाल या सगळ्याला कंटाळून त्याने एका शनिवारी तिकीट काढलं आणि दोन गल्ल्या ओलांडून टर्फ मूरवर गेला. जागा मिळाली ती नेमकी बॉब लॉर्ड स्टँडमध्ये. आहे तिथे त्या नावाचा स्टँड, १९७४ साली माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी उद्घाटन केलेला. खाटकाने अखेर गिऱ्हाईक दुकानात ओढलंच म्हणायचं. मी इकडे निवांत होतो. स्टूल जागेवर, मोबाईल चार्जिंगला. तेवढ्यात तो वाजला. मागे हजारो माणसांचा कल्ला.

“मामा! मामा, गोल मारलाय आपण, पण पंचानं थांबवून धरलंय. व्हीएआर का काय ते बघालेत. इथं कुणाला काय कळंना. ऑफसाइड आहे का हँडबॉल? तुला टीव्हीवर दिसतंय न्हवं, सांग की लवकर!”

“थांब जरा,” मी म्हणालो, “माझ्याकडं अजून गोलच झालेला नाही.”